ड्राइव्ह करायला जड स्पीकर: ३०० वॅटचा अ‍ॅम्प लावावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे ४ ओहमचे फ्लोअरस्टँडिंग स्पीकर आहेत. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टेजला मिळणारा आवाज) ८४ डेसिबल, किमान इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) २.९ ओहम आणि कंपनीची शिफारस ५० ते २०० वॅटची. ऐकायची खुर्ची साडेतीन मीटरवर. सध्या ते ‘१०० वॅट प्रति चॅनल’ लिहिलेल्या एव्ही रिसीव्हरवर (टीव्ही-चित्रपटांसाठीच्या अनेक चॅनलच्या यंत्रावर) चालतात. आवाज चढवला की कर्कश होतात, आणि दोनदा रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडला. आता तुम्हाला ८ ओहमला १८० आणि ४ ओहमला ३०० वॅट देणारा पॉवर अ‍ॅम्प मिळतो आहे, पण सगळे सांगतात की २०० वॅटच्या स्पीकरला ३०० वॅट लावले तर ते जळतील.

माझं मत आधीच सांगतो: हा अ‍ॅम्प तुमच्या स्पीकरला योग्य आहे, आणि स्पीकर जळण्याचा धोका त्या अ‍ॅम्पपेक्षा आज आहे त्या रिसीव्हरवर जास्त आहे. मात्र घेण्याआधी घरी एक मोजणी करा, ती पुढे देतो. कदाचित अ‍ॅम्प न घेताही तुमचं काम भागेल.

स्पीकर ‘जड’ आहे असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, तो विजेच्या मानाने आवाज कमी देतो. दोन, त्याचा इम्पीडन्स कुठेतरी खूप खाली येतो. तीन, त्याचा फेज वाकडा असतो, म्हणजे करंट व्होल्टेजच्या बरोबरीने चालत नाही. प्रत्येकाला उपाय निराळा. बीबीसीने सत्तरच्या दशकात बनवलेला छोटा एलएस३/५ए स्पीकर घ्या. सेन्सिटिव्हिटी अगदी कमी, पण मूळचा इम्पीडन्स १५ ओहम. त्याला व्होल्टेज लागतं, करंट फारसा लागत नाही. दुसऱ्या टोकाला ऐंशीच्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर. तो एका जोडणीत चक्क १ ओहमचा होता आणि त्या काळातल्या बऱ्याच नावाजलेल्या अ‍ॅम्पनी त्याच्यापुढे हात टेकले. मॅग्नेपॅन कंपनीचे सपाट पॅनल स्पीकर तिसऱ्याच जातीचे: साधारण ४ ओहम, जवळपास रेझिस्टरसारखे सरळ, पण सेन्सिटिव्हिटी कमी, त्यामुळे वॅट भरपूर खातात. तुमचे स्पीकर पहिल्या दोन्ही गटांत बसतात, आणि बास रिफ्लेक्स (पेटीला हवेसाठी भोक, म्हणजे पोर्ट असलेले) असल्यामुळे बहुधा तिसऱ्यातही.

आता आकड्यांकडे येऊ. ८४ डेसिबल हा आकडा जवळजवळ नेहमी २.८३ व्होल्टला आणि १ मीटरवर दिलेला असतो. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच व्होल्टेज २ वॅट खातं. म्हणजे वॅटमागे हिशेब केला तर तुमचा स्पीकर ८१ डेसिबलचाच. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. साडेतीन मीटरला ही घट ११ होते. खोलीत भिंती काही परत देतात, दुसरा स्पीकरही भर घालतो, म्हणून ५-६ डेसिबल परत मिळतात असं धरा. खुर्चीवर २.८३ व्होल्टला तुम्हाला साधारण ७८ डेसिबल ऐकू येतील. सरासरी ८० डेसिबलवर ऐकणारा माणूस काही फार मोठ्याने ऐकत नाही. पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमची थाप किंवा सगळा वाद्यवृंद एकदम उठतो तेव्हा क्षणभर आवाज सरासरीच्या २० डेसिबल वर जातो. म्हणजे १००. इथून तिथपर्यंत २२ डेसिबलचं अंतर, आणि २२ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये साडेबारा पट. २.८३ गुणिले साडेबारा, सुमारे ३५.५ व्होल्ट.

हे व्होल्टेज ४ ओहमवर ३१५ वॅट होतं. ज्या ३०० वॅटची भीती घातली जाते आहे, ते एका मध्यम आवाजाच्या ऐकण्यातल्या क्षणिक उसळीचं पुरेपूर मापच आहे. सरासरी मात्र त्याच वेळी ३ वॅटच्या आसपास चालू असते. संगीताचा हा स्वभाव लक्षात आला की निम्मी भीती आपोआप जाते.

आता त्याच क्षणीचा करंट बघा. ३५.५ व्होल्ट आरएमएसचं (एसीच्या परिणामकारक सरासरीचं) टोक ५० व्होल्ट. ते २.९ ओहमच्या खड्ड्यावर पडलं तर १७ अँपिअर. तुमच्या रिसीव्हरला ‘१०० वॅट, ८ ओहम’ म्हणजे २८ व्होल्ट आरएमएस आणि टोकाला फक्त ५ अँपिअर द्यायची सवय आहे. एकाच ट्रान्सफॉर्मरवर सात चॅनल चालवणाऱ्या यंत्राकडून तिपटीहून जास्त करंट मागितला की सप्लायचं व्होल्टेज खचतं, वेव्हची टोकं कापली जातात (यालाच क्लिपिंग म्हणतात), आणि तुम्ही म्हणता तो कर्कशपणा तिथून येतो.

फेजचा मुद्दा थोडा सावकाश सांगतो, कारण बहुतेक लोक तो सोडून देतात आणि अ‍ॅम्प मरतात ते बहुतेक याच्यामुळे. साधा रेझिस्टर जोडला तर व्होल्टेज आणि करंट बरोबरीने चढतात. करंट सर्वात जास्त असतो तेव्हा आउटपुटही सर्वात वर असतं, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर उरलेलं व्होल्टेज थोडं असतं. गुणाकार छोटा, उष्णता कमी. स्पीकर मात्र रेझिस्टर नसतो. त्यात कॉइल आहे, हलणारं वजन आहे, क्रॉसओव्हरचे (वरचे-खालचे सूर वाटून देणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर आहेत. त्यामुळे करंट व्होल्टेजच्या पुढे तरी धावतो नाहीतर मागे तरी पडतो. मग करंट टोकाला असताना आउटपुट अर्ध्यावर असतं, आणि सप्लायचं उरलेलं सगळं व्होल्टेज ट्रान्झिस्टरच्या अंगावर. भरपूर करंट आणि भरपूर व्होल्टेज एकाच वेळी. क्लास एबी अ‍ॅम्पला ४ ओहम आणि ४५ अंश फेज असा स्पीकर दिला तर त्याच्या ट्रान्झिस्टरना तो ४ ओहमपेक्षा बऱ्याच कमी इम्पीडन्सच्या स्पीकरसारखा तापवतो. कागदावर ४ ओहम लिहिलेलं असतं, हीटसिंकला मात्र वेगळंच जाणवत असतं.

बास रिफ्लेक्स स्पीकरच्या इम्पीडन्सच्या आलेखात खाली दोन उंचवटे असतात. दुसरा उंचवटा ओलांडला की रेषा झपाट्याने उतरते, आणि नेमक्या त्या उतारावर फेज उणे ४०-५० अंशांपर्यंत जातो. बऱ्याच स्पीकरमध्ये हा उतार ७० ते १५० हर्ट्‌झच्या दरम्यान येतो. डग्गा, किक ड्रम, बास गिटार, सगळ्यांची ताकद तिथेच. म्हणून नुसता ‘किमान २.९ ओहम’ हा आकडा पुरत नाही, तो कुठल्या फ्रीक्वेन्सीला आहे ते बघावं लागतं. १०० हर्ट्‌झला २.९ असेल तर काम गंभीर आहे. १५ किलोहर्ट्‌झला असेल तर संगीतात तिथे ऊर्जाच थोडी, म्हणून बरेच अ‍ॅम्प निभावून नेतात. १९५७ सालच्या क्वाड कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा इम्पीडन्स वरच्या पट्टीत २ ओहमच्या आसपास उतरतो, तरीही १५ वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर लोकांनी तो वर्षानुवर्षं ऐकला, त्याचं एक कारण हेही.

निर्मात्याने आलेख दिला नसेल तर घरी मोजता येतो. मी दहा ओहमचा एक रेझिस्टर स्पीकरच्या एका वायरीत सिरीजमध्ये लावतो, अगदी हलक्या आवाजात साइन टोन (एकाच फ्रीक्वेन्सीचा शुद्ध सूर) सोडतो आणि मल्टिमीटरच्या एसी रेंजवर आधी रेझिस्टरवरचं, मग स्पीकरवरचं व्होल्टेज घेतो. स्पीकरवरचं व्होल्टेज भागिले रेझिस्टरवरचं, गुणिले दहा, हा त्या फ्रीक्वेन्सीचा इम्पीडन्स. मागे एकदा ‘८ ओहम’ अशी पट्टी लावलेले स्पीकर माझ्या टेबलावर आले होते, कारण त्यांनी एका रिसीव्हरचं आउटपुट दोनदा उडवलं होतं. ११० हर्ट्‌झला रेझिस्टरवर ०.५० व्होल्ट आणि स्पीकरवर ०.१६. म्हणजे ३.२ ओहम. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाप्रमाणे किमान इम्पीडन्स लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, ८ ओहमला ६.४. त्या पट्टीवर ४ लिहिलं असतं तर ते प्रामाणिक ठरलं असतं. मालक बिचारे रिसीव्हरला दोष देत होते. तुमच्या बाबतीत निदान कंपनीने २.९ हा आकडा छापला आहे, याबद्दल तिला पूर्ण गुण. (४ चे ८० टक्के ३.२ होतात, म्हणजे तुमचा स्पीकरही मानकाच्या किंचित खालीच आहे.)

आता ती मोजणी, जी मी प्रत्येकाला अ‍ॅम्प घेण्याआधी करायला सांगतो. वर मी जो हिशेब केला तो अंदाजाचा. तुमच्या खोलीत, तुमच्या कानाला खरोखर किती व्होल्टेज लागतं हे मल्टिमीटर सांगू शकतो. उणे १२ डेसिबल पातळीची १०० हर्ट्‌झची साइन फाइल मिळवा किंवा बनवा. रिसीव्हर ‘डायरेक्ट’ मोडवर ठेवा, म्हणजे रूम करेक्शन आणि बास मॅनेजमेंट या सूर आपोआप बदलणाऱ्या सोयी मध्ये येणार नाहीत, नाहीतर १०० हर्ट्‌झवर आकडा चुकतो. तुमचं सर्वात उसळतं आवडीचं रेकॉर्डिंग लावा आणि ज्यापुढे तुम्ही कधी जात नाही तिथपर्यंत व्हॉल्यूम न्या. कर्कशपणा त्याआधीच सुरू होत असेल तर तो सुरू होतो तिथे थांबा. आता गाणं बंद करा, रिसीव्हर बंद करून स्पीकरच्या वायरी काढा. ही पायरी गाळू नका, नाहीतर टोन थेट वूफरवर (खालचे सूर वाजवणाऱ्या भागावर) जाईल. व्हॉल्यूम न हलवता रिसीव्हर पुन्हा चालू करा, टोन लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा. काढलेल्या वायरींची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. काही रिसीव्हर चालू करताना व्हॉल्यूम आपोआप खाली आणतात, तेव्हा पडद्यावरचा आकडा आधीच लिहून ठेवा.

आलेला आकडा चारने गुणा, कारण उणे १२ डेसिबल म्हणजे पूर्ण पातळीच्या चौथा हिस्सा. समजा मीटरने ४ व्होल्ट दाखवले. मग फाइलमधला सर्वात मोठा सिग्नल १६ व्होल्ट मागतो. ४ ओहमवर ६४ वॅट, आणि २.९ ओहमच्या खड्ड्यावर टोकाला ७.८ अँपिअर. हे निघालं तर तुम्हाला ३०० वॅटची गरज नाही. ४ ओहमला १५० वॅट खात्रीने देणारा एखादा सरळ स्टिरिओ अ‍ॅम्पही आयुष्यभर पुरेल. मीटरने ८-९ व्होल्ट दाखवले तर तुम्हाला मिळतो आहे तोच अ‍ॅम्प बरोबर. बहुतेक लोकांचा आकडा त्यांना वाटतो त्यापेक्षा लहान येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

त्या अ‍ॅम्पचा कागद मला आवडला, ते का हेही सांगतो. ८ ओहमला १८० वॅट म्हणजे ३८ व्होल्ट. ४ ओहमला ३०० म्हणजे ३४.६. करंट जवळपास दुप्पट झाला आणि व्होल्टेज खचलं ते एक डेसिबलहून कमी. ट्रान्सफॉर्मर आणि सप्लाय दमदार आहेत याची ही खूण. १८० चे नेमके ३६० झाले नाहीत म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. मी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारीन: हे आकडे दोन्ही चॅनल एकदम चालवून घेतले आहेत का, आणि २ ओहमला काय होतं. २ ओहमला सलग वॅट दिले नसले तरी ‘क्षणिक’ आकडा दिला असेल आणि तो ४ ओहमच्या आकड्यापेक्षा वर असेल, तर २.९ च्या खड्ड्यावर तो डगमगणार नाही. ज्या अ‍ॅम्पच्या कागदावर ४ ओहमचा आकडाच नसतो, किंवा मागे ‘किमान ६ ओहम’ असं छापलेलं असतं, तो या स्पीकरसाठी सोडून द्या, ८ ओहमला कितीही वॅट लिहिलेले असोत.

अ‍ॅम्प क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा) असेल तरी माझी हरकत नाही. जुन्या क्लास डीमध्ये आउटपुटचा फिल्टर फीडबॅकच्या (आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या सोयीच्या) बाहेर असायचा, त्यामुळे स्पीकर बदलला की वरच्या पट्टीचा आवाज बदलायचा. आताच्या चांगल्या मॉड्यूलमध्ये फीडबॅक फिल्टरच्या पुढून घेतात आणि तो दोष जवळपास गेला आहे. फेजमुळे होणारी उष्णताही त्यांत क्लास एबीसारखी अंगावर येत नाही. फक्त करंट लिमिट किती अँपिअरवर आहे ते बघा, कारण ते ओलांडलं की हे अ‍ॅम्प बिलकुल सवलत देत नाहीत. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा विचार मात्र या स्पीकरला करू नका. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स बराच जास्त असतो, त्यामुळे तुमच्या स्पीकरच्या इम्पीडन्सचे चढउतार जसेच्या तसे आवाजात उमटतील. आणि डॅम्पिंग फॅक्टरच्या (स्पीकरचा इम्पीडन्स भागिले आउटपुट इम्पीडन्स) मोठ्या आकड्यांवर जास्त विचार करू नका. व्हॉइस कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्सच ३ ओहमच्या आसपास असतो, त्यापुढे १०० काय आणि १००० काय. त्यापेक्षा वायर बघा. पाच मीटरला अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन ०.०७ ओहम भरते, ती पुरे.

आता जळण्याची भीती. ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) खरोखर सतत पचवू शकतो ते थोडेच वॅट. स्पीकरच्या पट्टीवरचे २०० वॅट हे सगळ्या स्पीकरला मिळून, संगीताच्या नेहमीच्या वाटणीने, आणि त्यातले बहुतेक वूफरच्या वाट्याला. छोटा अ‍ॅम्प क्लिप व्हायला लागला की दोन गोष्टी होतात. कापलेल्या टोकांतून वरचे हार्मोनिक तयार होतात, ते थेट ट्विटरकडे जातात. आणि त्याहून मोठं कारण: खालचे सूर तर छताला टेकलेले असतात, तरी माणूस व्हॉल्यूम वाढवतच राहतो, म्हणून वाढतात ते फक्त बारीक, वरचे आवाज. उसळी आणि सरासरी यांतलं २० डेसिबलचं अंतर ८-१० वर येतं आणि ट्विटरला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. असे ट्विटर मी खूप उघडले आहेत. व्हॉइस कॉइलचं तांबं चॉकलेटी पडलेलं, वार्निश खपल्यांसारखं सुटलेलं, फटीतलं फेरोफ्लुइड (कॉइल थंड ठेवणारा चुंबकीय द्रव) डांबरासारखं घट्ट. विचारल्यावर बहुतेक वेळा कळतं की अ‍ॅम्प लहान होता आणि आवाज फाटत असतानाही तासभर तसाच चालू ठेवला होता.

मोठा अ‍ॅम्प स्पीकर मारू शकतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तो वूफर मारतो. पोर्टच्या ट्यूनिंगखालच्या सुरांवर कोनला धरून ठेवणारं काही नसतं, चित्रपटातला एखादा स्फोट आला की कोन शेवटपर्यंत जाऊन कॉइल मागच्या प्लेटवर आदळते. ‘टक्क’ असा कोरडा आवाज येतो. तो एकदा आला की व्हॉल्यूम तिथून ६ डेसिबल खाली आणायचा आणि ती तुमची हद्द समजायची. संगीतात हे क्वचितच होतं.

अ‍ॅम्प न घेता भागेल असं म्हटलं ते यासाठी: तुमच्याकडे सबवूफर असेल तर रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि ८० हर्ट्‌झचा क्रॉसओव्हर लावा. सर्वात खालचं आणि करंट खाणारं काम रिसीव्हरच्या अंगावरून उतरतं, वूफरचा कोनही वाचतो. बऱ्याच घरांत इतकं केल्यावर प्रोटेक्शनमध्ये जाणं थांबतं. रिसीव्हरमधला ४ ओहमचा स्विच मात्र उपाय समजू नका. बहुतेक यंत्रांत तो सप्लायचं व्होल्टेज कमी करतो, म्हणजे यंत्र थंड राहतं पण क्लिपिंग आणखी लवकर येतं. आणि दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे एकाच स्पीकरला जोडून, ताकद वाढवण्याचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा. ब्रिज केल्यावर प्रत्येक बाजूला निम्मा इम्पीडन्स दिसतो. तुमचा खड्डा १.४५ ओहमचा होईल.

अ‍ॅम्प घेतलाच तर रिसीव्हरच्या प्री-आउटमधून (बाहेरच्या पॉवर अ‍ॅम्पसाठीच्या आउटपुटमधून) तो जोडाल. इथे गेन, म्हणजे सिग्नल किती वाढतो ते, बघा. २९ डेसिबल गेनचा अ‍ॅम्प ३५ व्होल्ट द्यायला सव्वा व्होल्ट इनपुट मागतो, ते बहुतेक प्री-आउट देतात. गेन २३ डेसिबल असेल तर अडीच व्होल्ट लागतील, आणि काही रिसीव्हरचं प्री-आउट तिथे स्वतःच क्लिप होतं. मग नवा अ‍ॅम्प लावूनही तोच कर्कशपणा राहतो आणि माणूस स्पीकर विकायला काढतो.

शक्य असेल तर पैसे देण्याआधी तो अ‍ॅम्प एक संध्याकाळ घरी आणा. रिसीव्हर जिथे फाटायचा तेच रेकॉर्डिंग, त्याच व्हॉल्यूमवर लावा. आवाज मोठा झाला की नाही यापेक्षा ड्रमची थाप पडते त्या क्षणी मागचा गायक जागेवर राहतो का ते ऐका. सप्लाय खचत असेल तर थापेबरोबर गायक मागे ओढल्यासारखा होतो. तासाभराने हीटसिंकवर तळहात ठेवा. पाच सेकंद आरामात टिकला तर ठीक, झटक्यात काढावा लागला तर अ‍ॅम्पला जागा आणि हवा द्या, नाहीतर तो सौदा सोडा. चालू करताना आधी रिसीव्हर, मग अ‍ॅम्प. बंद करताना आधी अ‍ॅम्प, अर्धा मिनिट थांबून मग रिसीव्हर, म्हणजे रिसीव्हरचा ठोका ३०० वॅटमधून तुमच्या वूफरपर्यंत पोचणार नाही.